सहाशे चाळीस पावलं

६ फेब्रुवारी

दादा,

नमस्कार शेवटी करते, आधी भांडण उरकू दे.

वाट क्रमांक चारचा मजकूर आज टपालाने आला. मजकूर कसला, कागदावर मुंग्या सोडल्यायस. अडतीस वर्षं छापखान्यात मुद्रितं तपासतेय मी. लोकांना डॉक्टरांच्या चिठ्ठ्या वाचून दाखवते. पण तुझ्या पानासाठी मला भिंग काढावं लागलं, आणि तरी दोन ओळी अंदाजानेच वाचल्या. कागद मिळेनासा झालाय का तिकडे? गठ्ठा पाठवते. पूर्वी तुझं पत्र समोरच्या घरातल्या बाईंना त्यांच्या खिडकीतून वाचता यायचं.

बरं, फोन करावा तर तू तोंडातल्या तोंडात पुटपुटतोस, आणि मी दोनदा ‘काय?’ म्हटलं की रागावून ठेवून देतोस. म्हणून हा पत्रांचा उद्योग.

आता मुख्य तक्रार. ओढ्यावरच्या साकवापासून लोखंडी फाटकापर्यंत तू तीनशे पंच्याण्णव पावलं लिहिली आहेस. आधीच्या तिन्ही आवृत्त्यांत तीनशे दहा आहेत. मोजणारा तूच, साकव तोच, फाटक तेच. मग मधली पंच्याऐंशी पावलं कुठून उगवली? ‘सपाट वाटा’ हे पुस्तक लोक तुझ्या आकड्यांसाठी घेतात, माझ्या शुद्धलेखनासाठी नाही. पहिल्याच पानावर आपण छापलंय: एक पाऊल म्हणजे अडीच फूट, न कमी न जास्त. आबा मोजणी खात्यात होते म्हणून इतर मुलं गोष्टी ऐकत होती तेव्हा आपण घरातल्या लांब बोळात अडीच-अडीच फुटांवरच्या खडूच्या रेघांवरून चालत होतो. मला ते कधीच जमलं नाही. तुला जमलं आणि तू त्याचा जन्मभर तोरा मिरवलास. मग आता तरी नीट मोज ना!

आणि ‘उजवीकडे वळू नये, तिकडे बदकांचं एक टोळकं असतं आणि त्यांना माणसं आवडत नाहीत’ हे वाक्य मी पुन्हा काढलंय. दर आवृत्तीत काढते, दर आवृत्तीत तू घालतोस.

१५ मेला चौथी आवृत्ती छपाईला जाते. अकरा वाटा आहेत. माझ्या नाकी नऊ आणू नकोस.

नमस्कार.

तुझी बहीण

(पाकिटावर ‘चिमणी’ लिहिणं बंद कर. एकसष्ट वर्षांची आहे मी. पोस्टमन हसतो.)


१५ फेब्रुवारी

चिमणे,

तुझं पत्र वाचून असं वाटलं की मी पंच्याऐंशी पावलं कुठून तरी चोरून आणली. मी मोजली तेवढी लिहिली. गेल्या पावसाळ्यानंतर नदीकाठच्या बांधाची दुरुस्ती झाली. बहुतेक त्यांनी बांध जरा बाहेरून वळवलाय. रस्ता लांबला असेल. त्याला मी काय करू? जाऊन बांधाला समजावू?

अक्षराबद्दल म्हणशील तर पेन बदललंय. बारीक टोकाचं आहे.

बदकांचं वाक्य राहू दे. गेल्या वर्षी एका गृहस्थांनी पुस्तक वाचून उजवीकडे वळून पाहिलं आणि पँटीचा गुडघा फाडून घेतला. त्यांनी मला भर रस्त्यात विचारलं, पुस्तकात हे का नाही? मी त्यांना तुझा पत्ता दिला.

वाट क्रमांक सात सोबत पाठवतोय. शेतातून सरळ जाणारी आहे, तुला काही खुसपट काढता येणार नाही.

दादा


२७ फेब्रुवारी

दादा,

खुसपट काढलंय. सातमध्ये पाणी सोडायच्या दारापासून तिठ्यापर्यंत मागे दोनशे वीस होती, आता तीनशे दोन आहेत. मध्ये ना नदी ना बांध. नांगरलेली दोन शेतं आणि त्यांच्यामधली सरळसोट पायवाट. शेतं रबराची झाली का?

आणि मी गप्प बसणारी बाई नाही हे तुला माहीत आहे. बांधाच्या कार्यालयाला पत्र टाकलं. तिथल्या कारकुनाचं उत्तर आलं: ‘बांधाची फक्त उंची वाढवली आहे. लांबी व जागा होती तीच आहे. आपल्या बंधूंनी याआधीही दोनदा हेच विचारले आहे.’

दोनदा विचारलंस? म्हणजे तुलाही माहीत होतं की आकडे जुळत नाहीत, तरी मला बांधाची गोष्ट सांगितलीस. हे वाचून मी कपाळाला हात लावला. आमच्या घरी हे म्हणाले, तुझा भाऊ खुर्चीत बसून मोजत असेल. मी त्यांच्यावर ओरडले. पण आता रात्रंदिवस तेच डोक्यात येतंय. खरं सांग, तू चालतोस की नाही? चालून कंटाळा आला असेल तर तसं सांग. खोटे आकडे देऊ नकोस.

चार नि सातचं एक वेळ सोड. शेतात चुकलेला माणूस फार तर दुसऱ्या शेतात जाईल. पण अकरावी वाट खाडीकाठच्या खाजणातून जाते. ओहोटीला वर येणाऱ्या त्या घट्ट पट्टीवरून पंपघर ते काळा खांब, सहाशे चाळीस पावलं. तिथे डावीकडे फळ्यांवर चढायचं. पुढे गेलं तर कमरेइतका चिखल, आणि भरती कोणाची वाट बघत नाही. धुक्यात खांब चार हातांवरून दिसत नाही. लोक तिथे तुझा आकडा तोंडाने म्हणत चालतात. तो चुकला तर माणूस जाईल, दादा. हे गंमत म्हणून लिहीत नाही.

म्हणून भटक्या मंडळाने ठरवलंय की त्यांचा माणूस चाकाचं यंत्र घेऊन अकरावी वाट मोजेल. मी हो म्हटलंय. रागाव हवा तेवढा.

तुझी बहीण


४ मार्च

चाकवाला पाठव. दोन पाठव.

मी चालतो. रोज चालतो. तुझ्या यजमानांना सांग, माझे बूट येऊन बघा, त्यांना खुर्चीचा चिखल लागलेला नाही. अकरावी वाट काल पुन्हा मोजली. तोंड बंद ठेवून, आबांनी सांगितलं तसं, बोटावर शेकडा धरून. पंपघर ते काळा खांब आठशे एकाहत्तर. परवा आठशे अठ्ठेचाळीस होती. दोन्ही आकडे लिहितोय, कारण दोन्ही आले. पाहिजे तर दोन्ही खोड.

पंपवाला भला माणूस आहे. त्याने परतल्यावर खुर्ची दिली. तेवढी एकच खुर्ची.

दादा


१९ मार्च

दादा,

चाकवाला जाऊन आला. पंपघर ते काळा खांब सोळाशे फूट. म्हणजे अडीच फुटांची सहाशे चाळीस पावलं, बरोब्बर. तीस वर्षांपूर्वीचा तुझा आकडा, एका पावलाचाही फरक नाही. खाजण जागच्या जागी आहे.

हे पत्र मी तुला झोडपायला घेतलं होतं. पुरावा म्हणून तिसऱ्या आवृत्तीची तुझी हस्तलिखितं कपाटातून काढून टेबलावर मांडली. म्हटलं, दाखवते याला, बघ कसा काम करायचास आणि आता कसं करतोस. डावीकडे जुनं पान, उजवीकडे नवं. जुन्या पानावर अठरा ओळी आहेत, नव्यावर एकेचाळीस. पेनचं टोक नाही रे हे. टोकाने रेघ बारीक होते, अक्षर बुटकं होत नाही. आणि नव्या पानावरही पहिली ओळ बऱ्यापैकी आहे, मग प्रत्येक ओळ आधीच्यापेक्षा लहान होत जाते. शेवटच्या ओळीचा ‘क’ मी मोजपट्टीने मोजला. जुन्याच्या एक तृतीयांश भरला.

मग तुझे आकडे घेतले. चौथ्या वाटेचा पहिला टप्पा जवळपास जुन्याइतकाच आहे. दुसरा थोडा जास्त. तिसरा त्याहून जास्त. सातव्या वाटेतही तसंच. जसजसा चालत जातोस तसतसे आकडे फुगतात, जसजसा लिहीत जातोस तसतसं अक्षर आक्रसतं. फोनवरचा आवाजही तसाच. मी दीड महिना भिंगाने बघत होते आणि मला हे दिसलं नाही.

चाकवाल्याला मी उलटसुलट विचारलं. तो आधी सांगेना. मग म्हणाला की तू त्याला वाटेतल्या तिसऱ्या खांबापाशी भेटलास. तू उभा होतास. त्याला वाटलं पक्षी बघतोयस. दहा मिनिटांनी तो यंत्र घेऊन परतला तेव्हाही तू तिथेच होतास, एक पाय पुढे टाकायच्या तयारीत.

रस्ता लांबलेला नाही, दादा. तुझं पाऊल लहान झालंय.

काय झालंय? डॉक्टरांकडे गेला होतास का? मला बांधाच्या गोष्टी सांगू नकोस. तू खोटे आकडे देतोस असं लिहिलं मी, ते परत घेते. बाकीचा राग आहे तसाच आहे.

चिमणी


२ एप्रिल

चिमणे,

हे पत्र तीन दिवस लिहितोय. वाचता आलं नाही तर दोष तुझ्या भिंगाचा.

गेल्या वर्षी एप्रिलमध्ये गेलो होतो डॉक्टरकडे. कंपवात म्हणतात. मी त्यांना म्हटलं, माझा हात तर जराही कापत नाही. ते म्हणाले, सगळ्यांचा कापत नाही, काहींचं सगळंच लहान होत जातं. चालणं, लिहिणं, बोलणं. गोळ्या आहेत. घेतो. चालायला बंदी नाही, उलट चाला म्हणाले. पण पाय ऐकत नाही. मी डोक्यातून अडीच फुटांचं पाऊल पाठवतो, ते खाली पोचेपर्यंत दीड फुटाचं होतं. आणि मला ते दीड फुटाचं वाटत नाही, हीच खरी फसवणूक आहे. मला आतून पूर्ण पाऊलच वाटतं. म्हणून मी खरोखर बांधाच्या कार्यालयाला विचारलं. मला प्रामाणिकपणे वाटलं की बांध लांबला. दुसऱ्यांदा विचारलं तेव्हा ती फक्त आशा होती.

कधी दारात पाय जमिनीला चिकटतो. त्या दिवशी खाजणात चिकटला. तुझ्या चाकवाल्याने नमस्कार केला, मीही केला. पक्षी वगैरे काही नव्हतं.

तू म्हणशील सांगितलं का नाही. सांगून काय झालं असतं? तू धावत आली असतीस, पिशव्या भरून औषधं आणली असतीस आणि मला वाटा मोजू दिल्या नसत्यास. मला दुसरं काय येतं? घरी बसून मी कोण आहे हेच मला कळत नाही.

एक मात्र ध्यानात घे. मला जुने आकडे पाठ आहेत, अकराही वाटांचे. ते उतरवून दिले असते तर तुला जन्मात कळलं नसतं, आणि पुस्तकही बिनचूक झालं असतं. दर वेळी पाकीट बंद करताना तो मोह झाला. पण जेवढी पडली तेवढीच लिहायची, हे आबांनी शिकवलंय. न मोजलेला आकडा लिहिणारा मोजणीदार नव्हे. तेव्हा खुर्चीवाला आरोप मला फार लागला. आता लिहिलंय, संपलं.

चाकवाल्याचे आकडे छाप. माझं नाव पहिल्या पानावरून काढ. आणि इकडे येऊ नकोस. खरंच येऊ नकोस.

दादा


६ एप्रिल

दादा,

गुरुवारी सकाळच्या गाडीने येते. ओहोटीचं वेळापत्रक पाहिलंय, शुक्रवारी नऊ चाळीसला पाणी सर्वांत खाली असेल.

तुझं नाव काढायचं की ठेवायचं ते संपादक ठरवते. मी रडले की नाही ते विचारू नकोस. यांच्यावर विनाकारण दोनदा खेकसले एवढं सांगते.

औषधांच्या पिशव्या आणत नाही. खडूचा एक डबा आणतेय. डोक्यात एक कल्पना आहे, मूर्खपणाची असू शकेल. बोळातली ट्रंक आणि ते तीन पायांचं स्टूल हलवून ठेव. नसेल हलत तर राहू दे, मी हलवते.

आणि बूट बाहेरच ठेव, तुझ्या घराची फरशी मला माहीत आहे.

चिमणी


१७ एप्रिल

चिमणे,

तू पाठवलेली वही मिळाली. एकोणसत्तराव्या वर्षी पहिलीतल्या पोरांची चार रेघांची वही वापरायला लावलीस, हा अपमान मी विसरणार नाही. पण बघ, अक्षर रेघेला टेकतंय. खालच्या रेघेपासून वरच्या रेघेपर्यंत जायचं एवढंच डोळ्यांना सांगावं लागतं. डॉक्टरना परवा सांगितलं तर ते म्हणाले, रेघांचा उपयोग होतो हे आम्हाला ठाऊक आहे, तुम्हाला कोणी सांगितलं? मी म्हटलं, एका मोजणीदाराने, पंचावन्न वर्षांपूर्वी.

बोळातल्या खडूच्या रेघा मी पुसलेल्या नाहीत. घर शाळेसारखं दिसतं. शेजारीण मीटर बघायला आली आणि न विचारता रेघांवरून चालून गेली, मोजत. आज सकाळी मी सोळा रेघांवर सोळा पावलं टाकली, सलग, आणि दुपारी सोळा. त्याआधी काल संध्याकाळी मात्र सहाव्या रेघेवर अडकलो होतो. ते लपवत नाही. आता काहीच लपवत नाही, तुला पाहिजे तर रोजचे आकडे पाठवतो.

शुक्रवारबद्दल लिहायचं आहे. तू पुढे होतीस, त्यामुळे मागे काय चाललं होतं ते तुला दिसलं नाही.

तू पंपघरापासून निघालीस तेव्हा मला तुझा भयंकर राग आला होता. पंपवाल्यासमोर तू म्हणालीस, ‘मी पुढे चालते, तू माझ्या पावलात पाऊल ठेव.’ लहानपणी तू माझ्यामागे अशी यायचीस, ओल्या वाळूत, उड्या मारत, कारण तुझा पाय पुरायचा नाही. आणि दर दहा पावलांनी रडायचीस. मला वाटलं, आता ही सूड घेतेय.

पण पट्टी ओली होती आणि तुझा प्रत्येक ठसा स्वच्छ उठत होता. बुटाची टाच, मग जरा पाणी, मग पुढचा. रेघांसारखाच. मी पायाला काही सांगितलंच नाही. डोळ्यांनी ठसा बघितला आणि पाय गेला. पन्नास झाली, शंभर झाली. तिसऱ्या खांबापाशी मला भीती वाटली, पाय तिथेच चिकटेल म्हणून. तू मागे वळून पाहिलं नाहीस. एकदाही नाही. वळली असतीस तर मी थांबलो असतो, आणि मग निघालो नसतो. तुला हे कसं कळलं मला ठाऊक नाही. की तुला मोजता मोजता वळायची भीती वाटत होती?

शेवटी तू खांबाला थाप मारून ओरडलीस, ‘सहाशे चाळीस!’ तू विचारलंस, दमलास का, मी मान डोलावली. दमलो नव्हतो. मीही मनात मोजत होतो आणि माझीही सहाशे चाळीस झाली होती. वर्षभरात पहिल्यांदा माझा आकडा आणि जमिनीचा आकडा एक झाला होता. बोललो असतो तर तिथेच, त्या चिखलाच्या काठावर, लहान मुलासारखा रडलो असतो. आता वहीत लिहिता येतंय म्हणून लिहितो.

आता कामाचं. चाकवाल्याचे आकडे कपाटात ठेव, ताडून बघायला उपयोगी पडतील. तुझ्या मालकांनी छपाई जूनअखेरपर्यंत पुढे ढकलली हे तू त्यांना भंडावून सोडल्याशिवाय झालेलं नाही, त्यांना माझ्या वतीने सॉरी म्हण. पहिल्या पानावर ‘मोजणी’ पुढे तू आपली दोघांची नावं घातली आहेस, त्याला माझी हरकत आहे. ज्याला अडीच फुटांचं पाऊल टाकता येत नाही त्याचं नाव तिथे शोभत नाही. तू शुक्रवारी एकशे बारा ते एकशे तीसमध्ये चोरटी पावलं टाकलीस आणि पुढे लांब ढेंगा टाकून हिशेब जमवलास. ठसे माझ्या डोळ्यांपुढे होते, मला शिकवू नकोस.

मांड्या दुखतात म्हणून फोनवर जे कण्हत होतीस ते सरावाने जाईल. तुमच्या छापखान्याच्या बोळात रेघा आख आणि रोज जेवणाच्या सुट्टीत चाल. रविवारी चौथी वाट. नांगरटीच्या कडेची माती परवाच्या पावसाने मऊ झालीय, ठसे चांगले उठतील. साकवापासून फाटकापर्यंत तीनशे दहा व्हायला हवीत. दोघांची. एकाने जरी कमी-जास्त केली तर परत साकवापासून.

बदकांचं वाक्य घाल. परवा पंपवाल्यालाही चावली.

दादा

(पाकिटावर ‘चिमणी’च लिहिलंय. चांगलं मोठं. पोस्टमनला फाटकातूनच वाचता येईल.)